तुम्ही विचारलंत म्हणून : पावसाळ्याआधी झाडाचा शेंडा उडवावा का?

मे महिना अर्धा सरला की माझा फोन सकाळी सातपासून वाजू लागतो आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. बडोद्यात झाडांच्या निगराणीची कामे करू लागून मला पंधराएक वर्षे झाली; या काळात प्रश्नाचे शब्द बदलले, पण आशय बदललेला नाही. दांडिया बाजारातल्या एका काकूंनी गेल्या वर्षी तो असा विचारला : "पाऊस लागायच्या आत वरून अर्धं झाड उतरवून टाकलं, म्हणजे मग पडायची भीती नाही ना?" माझ्याबरोबर काम करणारी माणसे गुजराती आहेत आणि गिऱ्हाईक काही बोलण्याआधीच तीही मला विचारतात, "साहेब, टोच कापी नाखिये?" म्हणजे शेंडा उडवायचा हे जणू ठरलेलेच असते, फक्त दिवस ठरवायचा उरलेला असतो.

माझे उत्तर नकारार्थी असते, आणि ते मला पुस्तकातून मिळण्याआधी माझ्याच चुकीतून मिळाले. २०१३ साली, धंद्यात नवा असताना, एका सोसायटीच्या फाटकापाशी असलेला गुलमोहर आम्ही खांद्यापासून उडवला. सोसायटीला तेच हवे होते, मला पैसे हवे होते, आणि दोन दिवसांत उभ्या झाडाचा हात तोडलेल्या पुतळ्यासारखा सांगाडा करून आम्ही मोकळे झालो. पावसाळ्यात त्या थोटांवर दहा-दहा, बारा-बारा फुटवे आले, झाड भरगच्च दिसू लागले आणि सोसायटीच्या सचिवांनी मला मुद्दाम फोन करून शाबासकी दिली. पुढे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गुजरातेतून गेले, त्या दिवशी दुपारी त्याच फुटव्यांपैकी एक, तोवर माणसाच्या मांडीएवढा जाड झालेला, बुडाशी सालीची लांब पट्टी सोलून घेत खाली आला. खाली एक स्कूटर होती, माणूस नव्हता, हे केवळ नशीब. मी शिडी लावून तुटलेल्या जागी बोटे घातली, तर आतले लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टासारखे हातात येत होते. तो खड्डा वाऱ्याने केलेला नव्हता; त्याची सुरुवात आठ वर्षांपूर्वी माझ्या करवतीने झाली होती.

असे का होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्या त्वचेला जखम झाली की खालून नवी त्वचा येऊन ती भरते. झाडाचे तसे नसते. कापलेले लाकूड पुन्हा कधीच जिवंत होत नाही. झाड फक्त त्या भागाभोवती आतून भिंत घालते, कूज त्या भिंतीच्या आत कोंडते आणि बाहेरच्या अंगाने नवे लाकूड चढवत राहते. अलेक्स शायगो या अमेरिकी वनरोगतज्ज्ञाने हजारो झाडे उभी चिरून हे दाखवले आणि १९७७ साली त्याची व्यवस्थित मांडणी केली. भिंत घालायला झाडाला ताकद लागते, ताकद पानांतून येते, आणि शेंडा उडवताना आपण एकाच वेळी सर्वांत मोठ्या जखमा करतो व पानेही काढून नेतो. उपासमार झालेले झाड मग घाईघाईने सालीखालच्या सुप्त कळ्यांतून फुटवे काढते. बागाईतदार त्यांना पानसोट म्हणतात. मूळची फांदी वर्षानुवर्षे खोडाबरोबर वाढत, त्याच्या लाकडात विणली गेलेली असते, तर फुटवा केवळ वरच्या थराला चिकटलेला असतो, तोही नेमका कुजत चाललेल्या थोटावर. चार-पाच वर्षांत झाड पुन्हा पूर्वीइतके उंच होते, फक्त आता त्याचा वरचा सगळा भार कच्च्या सांध्यांवर असतो.

मग पडण्याची भीती खोटी का? मुळीच नाही, पण ती चुकीच्या जागी पाहते. आपण मान वर करून शेंडा पाहतो, आणि झाड उन्मळते ते मुळांशी. म्हणून मी कोणाच्याही अंगणात गेलो की आधी उकिडवा बसतो. बुंध्याच्या एका बाजूला मातीला भेग पडली आहे का आणि दुसऱ्या बाजूला ती फुगली आहे का, हे पाहतो. वर्षानुवर्षे कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. ते झाड आपला तोल सांभाळून बसलेले असते आणि त्याच्या कलण्याने मला झोप लागत नाही असे होत नाही. ज्याचे खोड शेंड्यापर्यंत सरळ काठीसारखे कललेले असते आणि मातीची भेग ताजी असते, ते मात्र कालपरवा हललेले असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरच्या पंधरवड्यात मी अशी झाडे रोज पाहिली. वारा फारसा नव्हता, पण काळी माती भिजून लोण्यासारखी झाली होती. त्यानंतर लाकडी मोगरीने खोडावर ठोकून पाहतो, कारण पोकळ खोड ढोलासारखे बोलते. बुंध्याशी फळीसारखी आडवी वाढलेली, वरून लाखेसारखी चकाकणारी तपकिरी बुरशी दिसली, तर पुढचे बोलणे गंभीरपणे करावे लागते, कारण ती दिसते तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

मुळांविषयी एक समज इतका पक्का आहे की तो खोडताना मला दर वेळी वाद घालावा लागतो. झाड जितके उंच, तितकी मुळे खोल, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि आडवी, पानांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. त्यामुळे गॅसच्या नळासाठी किंवा केबलसाठी बुंध्याजवळून खणलेला दोन फुटांचा चर झाडाचा अर्धा पाय तोडू शकतो, आणि त्याचा परिणाम दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसत असल्याने चर कोणाच्या लक्षातही राहत नाही. बुंध्याला घट्ट भिडवलेले पेव्हर ब्लॉक हा त्याचाच सभ्य प्रकार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो दिल्लीपुरता होता, पण एक मीटरचे माप कोणत्याही अंगणात उपयोगी पडते.

बडोद्यात राहून वडाविषयी न लिहिणे बरे नव्हे, कारण या शहराचे नावच वडावरून पडले आहे. वडाच्या बाबतीत आपण शेंड्याइतकीच दुसरी एक चूक करतो : पारंब्या कापतो. गाडीच्या टपाला घासतात, मुले लोंबकळतात, फुटपाथवर अडचण होते, अशी कारणे असतात आणि ती खोटीही नसतात. पण आडव्या फांदीला जमिनीवरून टेकू मिळावा म्हणूनच झाड ती पारंबी सोडत असते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड १८६४ आणि १८६७ च्या वादळांत जखमी झाला, पुढे त्याचे मुख्य खोड कुजले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. तरीही तो वड तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर आजही पसरतो आहे. एका बंगल्यात मी मालकांना विनवून तीन पारंब्या राखल्या, फाटलेल्या पाइपाच्या नळकांड्यांत शेणखत-माती भरून त्यांतून त्या जमिनीपर्यंत उतरवल्या आणि गाडी उभी करण्याची जागा चार फूट सरकवायला लावली. मालक वर्षभर नाराज होते. आता तिसरी पारंबी मनगटाएवढी झाली आहे आणि पाहुणे आले की तेच ती दाखवतात.

छाटणी करावीच लागते तेव्हा ती कशी करावी, हेही सांगतो. वाळलेली, एकमेकींवर घासणारी, छपरावर आलेली फांदी खुशाल काढावी. मात्र एका वेळी झाडाची पाव हिश्शापेक्षा जास्त पाने जाऊ नयेत. फांदी खोडाला मिळते तिथे नीट पाहिले तर बांगडीसारखे एक फुगीर कडे दिसते. जखमेभोवती भिंत घालण्याची झाडाची सोय त्या कड्यातच असते, म्हणून कडे राखून, त्याच्या लगेच बाहेर कापायचे. खोडाला घासून सपाट कापले तर कडेच जाते, आणि वीतभर थोट ठेवले तर ते कुजत आत उतरते. जड फांदी एका कापात कधीच काढू नये. आधी कड्यापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत करवत चालवावी, मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापावे. फांदी आपल्या वजनाने तिथेच मोडते आणि साल फाडत खोडापर्यंत जात नाही. उरलेले थोट मग निवांत, कड्याबाहेर, तिसऱ्या कापाने काढता येते. लांब फांदी नुसती तोकडी करायची असेल, तर निदान तिच्या तृतीयांश जाडीची उपफांदी जिथे फुटली असेल तिथपर्यंत यावे, म्हणजे पुढची वाढ ती उपफांदी सांभाळते.

कापावर डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याचा आग्रह मालकांचा असतो. त्याने कूज थांबत नाही, मालकांचे समाधान तेवढे होते. मोठी कामे थंडीच्या अखेरीस, नवी पालवी येण्याआधी करावीत. मे महिन्यात धावपळीने करायचे ते फक्त धोक्याचे काम. घरटे आहे का, हे वर चढणाऱ्या माणसाने आधी सांगावे. विजेच्या तारेजवळची फांदी असेल, तर पुरवठा बंद झाल्याशिवाय माझा माणूस झाडावर चढत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आणि महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते का, असे विचारणाऱ्यांना मी आधी अर्ज करून यायला सांगतो.

काकूंच्या अंगणातला कडुनिंब सुमारे चाळीस वर्षांचा होता आणि वरून त्याला काहीही झालेले नव्हते. बुंध्याभोवती मात्र गोल सिमेंटचा ओटा होता, वर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची नक्षी, आणि ओट्याच्या आत भरलेली माती खोडावर दोन फूट चढलेली. त्या मातीखालची साल ओली आणि काळी पडली होती. आम्ही दोन वाळक्या फांद्या काढल्या, छपरावर आलेली एक तोकडी केली आणि दीड दिवस खपून ओटा फोडून माती मुळांच्या मूळ पातळीपर्यंत उतरवली. शेंड्याला हात लावला नाही म्हणून काकूंनी आधी पैसे कमी करायला सांगितले. यंदाच्या चैत्रात झाड मोहरले तेव्हा त्यांचा फोन आला. मला वाटले, त्याबद्दल सांगतील. त्या म्हणाल्या, "झाड ठीक आहे हो, पण संध्याकाळी बसायचं कुठे ते तुम्ही सांगितलंच नाहीत." मी त्यांना बुंध्यापासून चार फुटांवर लाकडी बाकडे टाकायला सुचवले आहे, आणि बाकड्याचे पाय जमिनीत सिमेंटने रोवू नका, हेही.