वाय-फायसाठी बंद फाईल नको होती म्हणून

जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली आणि इन्स्टॉलर मध्येच अडला. वाय-फाय कार्ड सापडलंय, पण त्याला नॉन-फ्री (म्हणजे ज्याचा सोर्स, मूळ कोड, खुला नाही असं) फर्मवेअर लागतं, पेनड्राइव्हवर असेल तर लावा, असा निरोप आला. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही. फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून फर्मवेअर नाही! शेवटी मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू केलं. त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो, त्यामुळे इन्स्टॉलेशन पार पडलं.

मग 'डीमेसेग', म्हणजे कर्नलच्या निरोपांची नोंद, काढून बघितलं. वाय-फायचा ड्रायव्हर व्यवस्थित लोड झालेला. तक्रार एवढीच, की फर्मवेअर लोड होत नाही, आणि कंसात उणे दोन. उणे दोन म्हणजे फाईलच जागेवर नाही. इथे खूप जणांची गल्लत होते. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालतो आणि माझ्या कार्डाचा ड्रायव्हर खुलाच होता. फर्मवेअर चालतं ते कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर. सुरू होताना ड्रायव्हर ते कार्डात चढवतो. त्याचा सोर्स मात्र फक्त कंपनीकडे. मी परवाना नीट वाचला. जशीच्या तशी फाईल वाटायला मुभा, पण बदल करायचा नाही आणि उलगडूनही बघायचं नाही. उद्या तिच्यात सुरक्षेची त्रुटी निघाली आणि कंपनीने तोवर ते मॉडेल सोडून दिलेलं असलं, तर धडधाकट कार्ड भंगारात जाणार. मला राग येतो तो याचा.

डेबियनच्या पॅकेजांचा 'नॉन-फ्री' विभाग जोडून फर्मवेअरचं पॅकेज टाकलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. दुसऱ्यांच्या मशीनवर मी ते बिनदिक्कत करून देतो, कारण त्यांना आज काम करायचं असतं. पण हे मशीन मला पूर्ण खुलं ठेवायचं होतं.

शोधता शोधता अथेरोस कंपनीच्या एआर९२७१ या वाय-फाय चिपपाशी येऊन थांबलो. या कंपनीच्या कार्डांची गोष्ट मोठी आहे. लिनक्सवर आधी 'मॅडवायफाय' हा ड्रायव्हर होता आणि त्यातला 'हॅल' हा थेट हार्डवेअरशी बोलणारा भाग बंद बायनरी, म्हणजे सोर्सशिवाय दिलेली तयार फाईल होता. रेडिओची ताकद आणि चॅनेल यांवर सरकारी नियम असतात, कोड उघडला तर लोक ते मोडतील, असं त्याचं कारण सांगितलं जाई. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमवाल्यांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे ते कसं चालतं हे बाहेरून उलगडून, खुला हॅल लिहिला. तो लिनक्समध्ये आणताना २००७ मध्ये खुल्या गोटातच जुंपली: दुसऱ्याने बीएसडी या सैल परवान्याखाली दिलेल्या कोडवर जीपीएलचं (बदललेला कोडही खुलाच ठेवायला लावणाऱ्या परवान्याचं) लेबल लावायचं का? खुल्या सॉफ्टवेअरला कायद्याची मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांना मध्ये पडावं लागलं. पुढे २००८ मध्ये कंपनीनेच खुला ड्रायव्हर दिला, हॅलचा सोर्सही खुला केला. २०१३ मध्ये एआर९२७१ चं फर्मवेअरसुद्धा खुलं झालं. नियमांचं भय घालणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

चिप ठरली, पण ती असलेलं यूएसबीला लावायचं डोंगल मिळवणं सोपं नव्हतं. मॉडेलचं नाव तेच ठेवून पुढच्या आवृत्तीत आतली चिप बदललेली असते आणि खोक्यावर चिपचा उल्लेखही नसतो. लॅपटॉप घेऊनच पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली.

"साहेब, लिनक्सवर चालतंय, बिनधास्त न्या."

"काका, चालेल हो, पण आतली चिप बघायचीय. लावून बघू का एकदा?"

काउंटरवरच लॅपटॉप उघडला, डोंगल लावलं आणि यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारी 'एलएसयूएसबी' ही कमांड मारली. भलतीच चिप निघाली. काकांनी न कुरकुरता वरच्या फळीवरचा जुना माल काढला. त्यातल्या एकाचा नंबर शेवटी ९२७१ आला, तो घेतला. याचं फर्मवेअर डेबियनच्या मुख्य विभागातच असल्याने पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीला हातही लावावा लागला नाही. फक्त २.४ गीगाहर्ट्झ, वेग कागदावर १५० एमबीपीएस. मला पुरतो.

पुढे २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान केलं आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री फर्मवेअर घालायचं ठरलं. त्यासाठी त्यांच्या सोशल काँट्रॅक्टमध्येही (वापरणाऱ्यांना दिलेल्या वचननाम्यातही) भर घातली गेली. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून हे लागू झालं आणि अशा फाईलींना वेगळा 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभाग मिळाला. नवख्या माणसाची अडवणूक थांबली, ते योग्यच झालं. वेगळा विभाग केला तेही उत्तम, कारण बंद काय आहे ते नावानिशी दिसतं. पण फक्त खुलं सॉफ्टवेअर असलेला अधिकृत इन्स्टॉलर बंद झाला, ते मला पटलेलं नाही. बूट करताना 'फर्मवेअर=नेव्हर' लिहून या फाईली टाळता येतात, मात्र हे माहीत असणाऱ्यालाच. तो प्रश्न इन्स्टॉलरच्या पडद्यावर यायला हवा: कुठल्या कार्डासाठी कुठली बंद फाईल लागतेय, तिचा परवाना काय म्हणतो, आणि टाकू की नको.