धुळ्याची जोती आणि लळिंगचा डोंगर

धुळ्यातल्या घरांची जोती, म्हणजे भिंतींखालचे दगडी चौथरे, पाहायला गॅझेटिअरचा नकाशा मोबाइलवर घेऊन निघालो, आणि पहिल्याच गल्लीत तो कुचकामी ठरला. 1880 च्या खान्देश गॅझेटिअरमधला, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथातला, नकाशा अख्ख्या जिल्ह्याचा आहे. त्यात गल्ल्या कुठून असणार? तशी गरजही नव्हती म्हणा. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरळ रस्त्यांचं धुळे आखलं, गल्ल्यांना आजही नंबर आहेत, त्यामुळे चुकायची सोय नाही.

पाहायची ती जोती. भिंती विटांच्या असोत वा लाकडी, खाली काळा घडीव दगडच. पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा; ओला केला की दगड बोलतो. काही चिऱ्यांत पांढऱ्या खड्यांनी भरलेली भोकं दिसतात. तो लाव्हा थंड होताना अडकलेला वायू, नंतर पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरलेला. शेजारचाच चिरा मात्र घट्ट, एकाही भोकाशिवाय. अर्ध्या जोत्यांना ऑइलपेंट फासलाय, तिथे नाद सोडा. हातोडी आणू नका, लोकांची घरं आहेत. मी ओट्यापाशी वाकलेला पाहून एका आजोबांनी विचारलं, "काय दखी ऱ्हायनात भाऊ?" दगड, म्हटलं. ते हसले आणि चहा आला.

घट्ट दगड कुठला असेल, याचा अंदाज लळिंगच्या डोंगरी किल्ल्यावर आला. धुळ्याहून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. मालेगावकडची एसटी तिथे थांबते का, ते आधी कंडक्टरला विचारा. मी विचारलं नाही आणि पुढून चालत मागे आलो. किल्ल्यावरून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, लांब टेकड्यांच्या रांगा दिसतात. जमिनीतल्या भेगांत शिरून गोठलेला लाव्हा; भोवतालचा खडक झिजला, ही भिंत उरली. साक्री-धुळे-पारोळा ही त्यातली एक 79 किलोमीटर लांब. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर अशा रांगा समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) लांबट पट्ट्यांनी ओळखू येतात, तो नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या. जोत्यातला प्रत्येक घट्ट चिरा अशा भिंतीतलाच, असं मात्र म्हणू नका. लाव्ह्याच्या जाड थरांच्या पोटातही तसा दगड सापडतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, गल्ल्या सकाळी सातला सुरू करा. तिरप्या उन्हात पाथरवटाच्या टाकीचे घाव स्पष्ट उमटतात. गडावर पाणी घेऊनच चढा.