हत्तरसंग कुडल: दोन नद्यांच्या बेचक्यात

विजापूर रस्त्याने सोलापूर मागे पडलं की वडकबाळच्या पुलावर सीना लागते. तिच्याकडे नीट बघून घ्या, थोड्या वेळात तिची पुन्हा गाठ पडणार आहे. पूल ओलांडला की आपण सीना आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात शिरतो. मंद्रूप गेल्यावर, भीमेच्या पुलाच्या अलीकडे डावीकडे वळायचं. उसाचे फड, काळी रानं, मध्येच ज्वारी, आणि पट्टा निमुळता होत जातो. जिथे जमीनच संपते, तिथे कुडल. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर.

कानडीत कूडल म्हणजेच संगम. भीमाशंकरहून निघालेली भीमा आणि नगर जिल्ह्यातून आलेली सीना इथे एक होतात. भीमेचा पलीकडचा काठ कर्नाटकातला. देवळाच्या ओट्यावरच्या आजींनी आम्हाला ‘बर्री, बर्री’ म्हणून बोलावलं आणि लगेच मराठीत विचारलं, “कुठनं आलाव?” इथे दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदतात.

आम्ही गेलो होतो ते संगमेश्वराच्या देवळातल्या शिलालेखासाठी. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. मागच्या खेपेला आम्ही भर दुपारी आलो, बाहेरच्या उन्हातून आत शिरलो आणि लेख कोरलेल्या तुळईवर काहीच दिसेना म्हणून परत फिरलो. ती चूक करू नका. आत जाऊन आधी पाच मिनिटं डोळे स्थिरावू द्या. मग बॅटरी अक्षरांवर समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि ओळ वर येते. यंदा नववीतली भाची बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावत होती: वा... छि... तो... मग शेवटची ओळ तिने सलग वाचली, ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीची मराठी, शाळेत शिकलेल्या नागरीच्या बळावर तिच्या तोंडून उमटली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू, तेल, पाणी, हळद काहीही लावू नका. दगड झिजला की ही ओळ कायमची गेली.

शेजारचं हरिहरेश्वर मंदिर कितीतरी काळ मातीच्या ढिगाखाली होतं. १९९९ च्या सुमारास ते मोकळं झालं आणि तिथलं बहुमुखी शिवलिंग जगापुढे आलं. पुरुषभर उंचीच्या त्या दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. लांबून नुसती नक्षी वाटते. गुडघ्यावर बसून एकाच ओळीवर नजर ठेवा, म्हणजे चेहरे वेगळे होऊ लागतात. भाविक येत-जात असतात, त्यांना वाट देऊन निवांत बघा. स्वर्गमंडपाखालीही थोडा वेळ उभे राहा, या मंडपाचं छत मध्ये उघडं असतं, वर आभाळ दिसतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलं की भीमा फुगते. त्या दिवसांत आधी चौकशी करा आणि पात्रात उतरू नका. पावसानंतर गाडी डांबरावरच ठेवा. काळी माती चाकाला धरली की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. जेवणाच्या भरवशावर राहू नका. आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाणी बरोबर नेलं होतं, संगमाकाठी बसून खाल्लं. एस.टी.ने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

आणि दिवस मावळायच्या आत विजापूर रस्त्याला लागा. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.