आता बरं वाटलं

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचा वाद्यवृंदाबरोबरचा अल्बम काल संध्याकाळी लावला होता. तो चालू असताना ताई मधेच म्हणाली, “आता बरं वाटलं,” आणि पुन्हा आपल्या कागदपत्रांत डोके घालून बसली. तिच्यापुरता विषय तिथे संपला. माझ्यापुरता तो आज दुपार उलटून गेली तरी संपलेला नाही. इतक्या साध्या, खरे तर कौतुकाच्याच म्हणाव्या अशा तीन शब्दांनी मी का दुखावले जावे हे मला उमगत नाही, म्हणून लिहीत आहे.

ती हे कोणत्या क्षणी म्हणाली ते मला नेमके ठाऊक आहे. वाद्यवृंद गप्प होता आणि पियानो, डबल बास व ड्रम एवढेच वाजत होते. पियानोची वाक्ये अर्धवट सुटत होती, मध्ये मोकळी जागा पडत होती, बास त्या जागेत एखादा स्वर टेकवून बाजूला होत होता. मग तंतुवाद्ये खालून वर आली. त्यांनी सुरावट अशी काही वाजवली नाही, फक्त एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, धरला आणि धरूनच ठेवला. ताईचे खांदे सैल झाले, तिने ते वाक्य उच्चारले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, म्हणजे तोपर्यंत हिला बरे वाटत नव्हते तर. मी हा अल्बम लावते तो नेमका ‘तोपर्यंत’साठी.

हा अल्बम 1965 साली ध्वनिमुद्रित झाला आणि 1966 मध्ये ‘व्हर्व्ह’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढला. वाद्यवृंदासाठीचे लेखन आणि संचालन क्लाउस ओगरमानचे. इव्हान्सच्या सोबतीला बासवर चक इझ्रायल्स आणि ड्रमवर मुख्यतः लॅरी बंकर. आठ रचनांपैकी पाच जुन्या युरोपीय संगीतकारांच्या सुरावटींवर बेतलेल्या आहेत: ग्रानादोस, बाख, स्क्रियाबिन, फोरे आणि शोपँ. (बाखच्या नावावर चालणारी ती सुरावट खरोखर त्याची आहे का, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही, पण ती सुंदर आहे यावर आहे.) दोन रचना इव्हान्सच्या स्वतःच्या आणि एक ओगरमानची. जॅझच्या जाणकारांत हा अल्बम थोडा खालच्या पंक्तीला बसवतात, आणि मला त्याचे नेहमी वाईट वाटत आले आहे. त्यामुळे काल ताईला तो आवडला याचा मला आनंद व्हायला हवा होता.

तो झाला नाही, कारण तिला आवडले ते पियानोचे एकटेपण संपणे.

पियानोच्या स्वराचा स्वभावच असा आहे की तो जन्मतो त्याच क्षणापासून विझू लागतो. हातोडी तारेवर आपटून मागे सरते, आणि त्यानंतर वाजवणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. पट्टी दाबून ठेवता येते, पेडलने विझणे लांबवता येते, पण एकदा वाजलेला स्वर वाढवता येत नाही. खर्जातले स्वर बराच वेळ रेंगाळतात, वरच्या टोकाचे तर बोट उचलायच्या आत संपतात. व्हायोलिनचे याच्या अगदी उलट आहे. तिथे स्वर सुरू झाल्यावर गज त्याला फुगवू शकतो, बारीक करू शकतो, पुन्हा भरू शकतो. आणि वीस जण एकत्र वाजवत असतील तर ते आपापले गज वेगवेगळ्या क्षणी उलटे फिरवतात, त्यामुळे कोणाचाही गज संपल्याचे ऐकू येत नाही आणि स्वर अखंड राहतो. गंमत अशी की पियानोच्या पोटातही दोनशेहून अधिक तारा ताणलेल्या असतात. म्हणजे तंतुवाद्यांची गरज भासावी अशी त्याची परिस्थिती वरकरणी तरी नाही.

मला पियानो आवडतो तो या विझण्यामुळे. इव्हान्स ज्या पद्धतीने एखादा कॉर्ड ठेवतो आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा वाजवत नाही, त्यात ऐकणाऱ्यासाठी जागा असते. तो स्वर कुठे जाणार होता ते आपण मनात पूर्ण करायचे असते. इतकी वर्षे मी ते पूर्ण करत आले आहे आणि त्यात माझा काही वाटा आहे असे मानत आले आहे. तंतुवाद्ये आली की ती जागा भरून जाते. माझे काम दुसऱ्या कोणीतरी, बहुधा माझ्यापेक्षा चांगले, करून टाकलेले असते, आणि मी नुसती बसलेली असते. ताईला त्या क्षणी बरे वाटले आणि मला आपण तिथे नसलो तरी चालले असते असे वाटले, हा खरा फरक आहे.

हे जरा जास्तच झाले, कळते मला. पण दादा गेल्यापासून या घरात माझे कोणतेही वाक्य मला शेवटपर्यंत नेऊ दिले जात नाही, हेही खरेच आहे. मी अर्ध्यावर थांबते आणि ताई ते पूर्ण करते, बहुतेक वेळा बरोबर करते, आणि तेच जास्त लागते. त्या फोनच्या वेळीही तसेच झाले. असो.

तंतुवाद्यांवर राग काढणारी मी पहिली नाही. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने नोव्हेंबर 1949 मध्ये तंतुवाद्यांबरोबर ध्वनिमुद्रण केले तेव्हा त्याने आपले संगीत विकायला काढले असा आरोप झाला. वास्तविक ती इच्छा त्याची स्वतःची होती, आणि आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रणांत तो त्यातल्या वादनाची गणना करत असे. साखर घातल्याचा हा आरोप मला आळशी वाटतो. त्यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळा आहे. वाद्यवृंदाला कागदावर लिहिलेले वाजवावे लागते, आणि एकदा चाळीस जणांसमोर तो कागद ठेवला की पियानो वाजवणाऱ्याला ऐनवेळी कॉर्ड बदलता येत नाही, कडवे वाढवता येत नाही, मनात आले म्हणून थबकता येत नाही. तिघे वाजवत असतात तेव्हा एकाच्या चुकार स्वरावरही बाकीचे दोघे लगेच वळतात. वाद्यवृंद वळत नाही, तो ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळी पोहोचतो. पियानोवादकाचे स्वातंत्र्य त्यामुळे दोन ठरलेल्या क्षणांमधल्या अंतराएवढेच उरते. मी मात्र इथे तक्रार करते आहे ती त्याच्या स्वातंत्र्याची नाही, माझ्या जागेची आहे, आणि दोन्हींची गल्लत करून स्वतःला थोर ठरवणे बरे नव्हे.

इव्हान्स त्या वाद्यवृंदापाशी कसा पोहोचला हे आठवले की मी थोडी नरमते. जून 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या जॅझ क्लबमध्ये त्याच्या ट्रिओने, म्हणजे तिघांच्या संचाने, एका रविवारी जे वाजवले, त्यात स्कॉट लाफारोचा बास सोबत म्हणून वाजत नाही, तो पियानोशी बोलतो, मधेच अडवतो, उलट विचारतो. त्यानंतर दहा-अकरा दिवसांत लाफारो मोटार अपघातात गेला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. इव्हान्सने पुढे कित्येक महिने लोकांसमोर वाजवले नाही. 1963 मध्ये त्याने एक विलक्षण गोष्ट केली: एकावर एक तीन पियानो ध्वनिमुद्रित केले, तिन्ही स्वतःच वाजवले, आणि त्या अल्बमचे नाव स्वतःशी केलेल्या संभाषणांवरूनच ठेवले. त्याला संगीतातला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. दुसऱ्या कोणी आपले वाक्य पूर्ण करू नये म्हणून ते आपणच तिनदा उच्चारायचे, ही कल्पना मला फार जवळची वाटते. काल रात्री तर ती इतकी जवळची वाटली की दिवा मालवल्यावर मीही काही वाक्ये स्वतःशी तिन्ही बाजूंनी बोलून पाहिली. त्याला अर्थातच कोणी ग्रॅमी देणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तोच माणूस ओगरमानच्या वाद्यवृंदासमोर जाऊन बसला.

आज सकाळी घरात कोणी नसताना मी फक्त ‘टाइम रिमेम्बर्ड’ पुन्हा ऐकले. ही त्याची स्वतःची रचना. तिच्यात मेजर सेव्हंथ आणि मायनर सेव्हंथ या दोनच जातींचे कॉर्ड आहेत. ज्या कॉर्डमुळे कानाला आता मूळ स्वराकडे परतणार अशी खात्री वाटू लागते, तो डॉमिनंट तिच्यात कुठेच नाही. त्यामुळे ती रचना कुठे पोहोचत नाही, नुसती एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर सरकत राहते. माझी अपेक्षा, किंवा आशाच म्हणा, अशी होती की तंतुवाद्ये इथे येऊन हे अधांतरीपण मोडून टाकतील आणि मला त्यांच्याविरुद्ध पुरावा मिळेल. तो मिळाला नाही. तीही तेच कॉर्ड धरतात, तीही कुठे पोहोचत नाहीत, पियानोच्या बरोबरीने अधांतरीच राहतात. वाक्य पूर्ण झालेले नसतेच, फक्त ते अपुरे असण्याला आता सोबत असते. ताईला बरे वाटले ते कदाचित यानेच. तिने कधी म्हटले होते की तिला वाक्य पूर्ण झालेले हवे आहे? ते मीच गृहीत धरले होते.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी मला आधीपासून माहीत होती आणि तरीही मी कालच्या प्रसंगाशी कधी जोडली नव्हती. इव्हान्सच्या डाव्या हाताच्या कॉर्डांत मूळ स्वर बहुधा नसतोच. ही पद्धत त्याने एकट्याने शोधली असे नाही, पण त्याने ती इतकी रुजवली की आज जॅझ पियानो शिकणारा प्रत्येक जण ती शिकतो. कॉर्डचा पाया तो मुद्दाम गाळतो, कारण तो बास वाजवणार आहे हे त्याला माहीत असते. म्हणजे ज्याला मी एकट्या पियानोचा स्वाभिमान समजून जपत आले, तो मुळातच दुसऱ्यावर टाकलेला विश्वास आहे. अर्धवट सोडण्याची ऐट त्यालाच परवडते ज्याच्या शेजारी उरलेले अर्धे उचलणारा कोणीतरी उभा असतो. या हिशेबाने ताई आमच्या घरातली बास आहे, आणि तिला ते सांगितले तर ती म्हणेल की तिला ड्रम जास्त आवडला असता. निदान तिथे आदळआपट करता येते.

हसू आले मला हे लिहिताना, आणि सकाळपासून पहिल्यांदाच आले. दुखणे गेले असे म्हणणार नाही. ते शब्द आठवले की अजूनही छातीत बारीक काहीतरी होते, पण आता त्यात रागाचा भाग कमी आणि कुतूहलाचा जास्त आहे. नेमके काय बरे वाटले, असे मी तिला विचारू शकते. विचारणार नाही, कारण ती म्हणेल, “कसलं?”, आणि मग मला हे सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल, आणि मी अर्ध्यावर थांबेन.

ओगरमान आणि इव्हान्स 1974 मध्ये ‘सिम्बायोसिस’साठी पुन्हा एकत्र आले. ती ओगरमानचीच दोन भागांची दीर्घ रचना आहे, सुमारे चाळीस मिनिटांची, आणि तिच्यात वाद्यवृंद मालक असून पियानोला बराच वेळ आपल्या पाळीची वाट पाहत बसावे लागते. इव्हान्स तिथे जी काही वाट पाहतो तिला तोड नाही. पाळी आल्यावर तो घाईने आपले म्हणणे मांडत नाही, चालू असलेल्या बोलण्यात हळूच शिरतो. रविवारी ताईला मोकळा वेळ असेल तर ते लावावे म्हणते. माझा अंदाज असा आहे की दुसरा भाग सुरू होण्याआधी ती झोपेल आणि मी मात्र तिच्या प्रत्येक उसाशाचा अर्थ लावत बसेन.

फोरेची ‘पाव्हान’ मात्र मी मनाने वगळूनच टाकली आहे. ती सुरावट मुळातच इतकी भरलेली आणि इतकी परिचित आहे की पियानोला तिच्यात स्वतःचे काही म्हणायला वावच उरत नाही, आणि बाकीच्या सातही रचनांबद्दल माझा सूर कितीही मवाळ झाला असला तरी या एका रचनेत तंतुवाद्ये आगाऊपणा करतात हे माझे मत मी बदलणार नाही. ताईला नेमकी तीच सर्वांत जास्त आवडली आहे. आत्ता आतल्या खोलीतून ती गुणगुणल्याचा आवाज येतो आहे, आणि ती चुकीच्या पट्टीत गुणगुणते आहे.