स्नानाने न गेलेलं दुःख

‘तुम्ही फारशा श्रद्धाळू नाही, मग धर्मगुरूंची पुस्तकं कशाला वाचता?’ हे मला वारंवार विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक तयार वाक्य होतं. आत्मा अमर आहे, रडू नकोस, तिला त्रास होईल. सगळे मायेनेच बोलत होते, पण मला ऐकवत नव्हतं. त्याच दिवसांत ऑगस्टीन या ख्रिस्ती संताचं आत्मकथन हाती आलं. त्याची आई मोनिका इ.स. 387मध्ये ऑस्टिया बंदरात वारली. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप, म्हणजे तिथला मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू, झाल्यावर तो लिहितो, की दफनाच्या वेळी मी डोळ्यांतून टिपूसही येऊ दिलं नाही. मग मन हलकं व्हावं म्हणून स्नान केलं. दुःख होतं तिथेच राहिलं. झोपून उठल्यावर एकटा असताना कुठे रडू फुटलं. मेलेले पुन्हा उठतील, या पुनरुत्थानाची ग्वाही देणं ज्याचं कामच, तो माणूस हे लिहून ठेवतो! स्नानाच्या त्या वाक्यापाशी मी कितीतरी वेळ थांबले.

तरुणपणीची पापं सांगणं त्या मानाने सोपं असावं. ती मागे पडलेली असतात. ऑगस्टीन मात्र आत्मकथनाच्या दहाव्या भागात, बिशप असतानाच्या चालू काळाबद्दल बोलतो. घरी बसलेलं असताना पाल माश्या पकडताना दिसली की लक्ष तिकडे जातं. कुणी वाखाणलं की बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं कितपत निर्मळ आहे, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. ज्यांना उपदेश करायचा, त्यांच्याच हाती हे जाणार, हे ठाऊक असून त्याने लिहिलंय.

हेन्री नाउवेन हे डच कॅथलिक धर्मगुरू. एकटेपणावर लिहून त्यांनी कितीजणांना धीर दिला होता, आणि 1987च्या अखेरीस एक जवळची मैत्री तुटली तेव्हा ते स्वतःच कोसळले. त्या सहा महिन्यांतल्या नोंदी छापायला त्यांना आठ वर्षं लागली. ही आठ वर्षं मला फार मोलाची वाटतात. स्वतःचं दुबळेपण मिरवणारं लिखाणही असतं. त्याला इतकी वाट पाहवत नाही.

प्रार्थना मला अजून जमत नाही. डोळे मिटले की मन भटकतं. मग पालीकडे बघत बसलेला तो बिशप आठवतो, आणि मी पुन्हा डोळे मिटते.