ऋण सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

प्रभूची प्रार्थना म्हणताना नव्या करारातल्या मत्तय 6:12 ला आपल्या तोंडी 'ऋण' हाच शब्द येतो. आमची ऋणं सोड, जशी आम्ही आमच्या ऋण्यांना सोडली. लूक 11:4 मध्ये त्याच जागी 'पापं' आहे. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालायचा. विदर्भातल्या गावात हे समजवायला वेगळा दाखला लागत नाही. सोसायटीचं पीककर्ज, कृषी केंद्रातली उधारी, सावकाराकडचं गहाण, असं काही डोक्यावर असलं की माणूस चौक टाळून मागच्या गल्लीनं जातो. एदेनात आदाम झाडांआड लपला, तो प्रकार यापेक्षा फार वेगळा नव्हता.

मत्तय 18 मधल्या दोन चाकरांच्या दृष्टान्तात राजा पहिल्याचं देणं सोडतो, पण तो पहिला आपल्या सोबत्याचं सोडत नाही. त्या पहिल्याचं देणं प्रवचनांत बहुधा 'लय मोठं कर्ज' म्हणून उरकलं जातं. आकडा मांडल्याशिवाय त्याची धार कळत नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्यात तीच ठरली होती. एक तालांत म्हणजे 6,000 दिनार. देणं 10,000 तालांत, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम मिळालं (कोरडवाहूत कुठलं मिळतं, पण धरू) तरी 2 लाख वर्षं लागतील. येशूच्या काळातला तिथला राज्यकर्ता हेरोद अंतिपा, त्याला गालील आणि पेरिया हे प्रांत मिळून वर्षाला 200 तालांत वसूल येई, असं योसेफस या यहुदी इतिहासकारानं लिहून ठेवलंय. त्या हिशेबानं ही 50 वर्षांची वसुली झाली. दुसऱ्या चाकराकडून या पहिल्याला येणं होतं 100 दिनार. रोजी 300 रुपये धरा: त्याचे 30,000 रुपये, पहिल्याचे 1,800 कोटी.

यातले 30,000 किरकोळ नाहीत. तेवढ्यावर कोणाच्या पोरीची फी अडते. आपल्याला कोणी फसवलं तर ते नुकसान खरंच असतं, आणि 'जाऊ द्या, काही झालं नाही' असं म्हणणं म्हणजे क्षमा नव्हे, ते खोटं बोलणं झालं. आणखी एक गंमत पाहा. पहिला चाकर माफी मागतच नाही. तो मुदत मागतो: दम धरा, सारं फेडतो. 2 लाख वर्षांचं देणं फेडतो म्हणे! पण आपली बहुतेक नवसवजा वचनं याच जातीची असतात. 'या पोळ्यापासून सोडतो', 'चुकारा आला की सुधरतो'. राजा मुदत देत नाही, सरळ देणंच सोडतो. कृपा म्हणतात ती हीच.

कर्जमाफी म्हटली की आपल्याकडं पहिला प्रश्न पात्रतेचा असतो. 2008 च्या माफीत 2 हेक्टरची अट होती. पाच एकरांच्या वरच्या कोरडवाहूवाल्याला पूर्ण माफी नाही, उरलेलं भरलं तर 25 टक्के सूट. 2017 ला दीड लाखाची मर्यादा, 2019 ला दोन लाखांची, शिवाय कोणत्या तारखेचं कर्ज आणि कोणत्या तारखेची थकबाकी. दृष्टान्तातला राजा सातबारा मागत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे: माफ झालेला पैसा हवेत विरत नाही, तो कोणाच्या तरी खात्यातून जातो. इथं सरकारी तिजोरीतून गेला. क्रूसावर तो कोणाच्या खात्यातून गेला, हे ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. म्हणून कृपा फुकट मिळत असली तरी स्वस्त नाही.

आता मनाच्या अशक्तपणाचा विषय, कारण मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) खरी अडचण इथंच येते. एकदा चुकलेल्याला लोक सांभाळून घेतात. तोच माणूस चौथ्यांदा पिऊन आला की वडीलजन म्हणतात, 'थो काही सुधरत नाही.' लूक 17:4 मध्ये मात्र एकाच दिवसात सात वेळा परत आलेल्याचा उल्लेख आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सात वेळा! त्याचा पश्चात्ताप किती पक्का आहे, हे तपासायची सवड तिथं ठेवलेलीच नाही.

तरी नुसत्या क्षमेनं दारू सुटत नाही, आणि इथं आपल्या मंडळ्या एक मोठी चूक करतात. रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावून तीन दिवस उपास-प्रार्थनेला बसवतात. नेहमी जास्त पिणाऱ्यानं एकदम सोडली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माणूस बडबडू लागतो, नसलेलं दिसू लागतं. लोक त्याला भूत लागलं म्हणतात. तो आजार आहे, जीवही जातो. अशाला उपाशी ठेवू नका, दवाखान्यात न्या; प्रार्थना खाटेशेजारी बसूनही होते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची मिळते, म्हणून बंदीच्या भरवशावर राहू नका. बाजाराचा दिवस, कापसाचा चुकारा आणि पोळ्याची कर, या तीन वेळी माणूस हमखास घसरतो. त्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन बसावं. चुकारा आला की पैसा त्याच्याच संमतीनं घरधनिणीच्या हाती द्यावा.

आणि तो घरात हात उचलत असेल, तर 'क्षमा कर अन् नांदायला जा' असं तिला कोणी सांगू नये. देणं सोडणं वेगळं, पुन्हा उधार देणं वेगळं. ती मनातून क्षमा करील तेव्हा करील, पण त्यासाठी तिनं मार खायला परत जायची गरज नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे.

हाच फरक पैशाच्या बाबतीत चुकलेल्यालाही लावावा. मत्तय 18:15-17 चा क्रम असा: आधी एकट्यानं एकट्याला, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढं. आपल्याकडं तो उलटा चालतो. गोष्ट आधी पानटपरीवर जाते, मग मंडळीत, आणि ज्याची आहे त्याला सगळ्यात शेवटी कळते. तोवर तो उपासनेला यायचा थांबलेला असतो. परतफेडीचं मापही शास्त्रात आहे. लेवीय 6:5 प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा: अर्पणाचे 5,000 उचलले असतील तर 6,000. जक्कय या जकातदारानं स्वतःहून चौपट देऊ केलं होतं. हप्ते हंगाम पाहून बांधावेत. आषाढात पैसा मागून काय उपयोग? अर्पणाच्या पेटीची किल्ली मात्र लगेच परत देऊ नये, आणि पुढंही मोजदाद दोघांनी मिळून करावी. वर्गणी नेताना प्रेषित पौलानंही सोबत माणसं दिली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:20).

येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडं पाहिलं की चुकलेल्याला परत घेण्याची रीत कळते. योहान 18 मध्ये त्यानं येशूला तीनदा नाकारलं, त्या रात्री तो कोळशांच्या विस्तवापाशी शेकत होता. योहान 21 मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आधी मासे आणि भाकर, पोटभर न्याहारी, आणि मग तीनदा एकच प्रश्न: माझ्यावर प्रेम करतोस काय? त्या रात्रीचा विषय येशू टाळत नाही, पण उपाशीपोटी काढत नाही.

शिस्त लावली तर ती कधी संपणार तेही त्याच दिवशी ठरवा, आणि तारीख वहीत लिहा. करिंथच्या मंडळीनं शिस्त लावलेल्या एका माणसाबद्दल पौलाला नंतर लिहावं लागलं, की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (2 करिंथ 2:6-8). तारीख लिहिली नाही की प्रभुभोजनाला मागच्या सतरंजीवर बसलेला माणूस वर्षानुवर्षं तिथंच बसतो, आणि त्याला पुढं कोणी बोलवायचं हे कोणालाच आठवत नाही.