चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहण्याची परीक्षा

शिट्टी माझ्यासाठी वाजतेय हे तिसऱ्या वेळी कळलं. पहिल्या दोन कुणा दंगेखोर पोरांसाठी असतील म्हणून मी कानाआड केल्या होत्या. गेल्या जुलैमधला शनिवार, बर्लिनमधला आमच्या भागातला उघड्यावरचा तलाव, आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात. काठावर लाल चड्डीतला बाडेमाइस्टर उभा. बाडेमाइस्टर म्हणजे निम्मा जीवरक्षक आणि निम्मा हेडमास्तर. त्याने बोट थेट माझ्या टी-शर्टवर रोखलं.

"सुती आहे?"

"हो."

"मग बाहेर या."

शे-दीडशे माणसांच्या देखत मी शिडी चढून बाहेर आले. टी-शर्टमधून पाण्याची धार लागलेली, लेगिंग्ज पायाला चिकटलेल्या. बडोद्याला लालबागच्या लेडीज बॅचमध्ये मी ह्याच अवतारात पोहायला शिकले. आत कॉश्च्यूम, वर भावाचा जुना टी-शर्ट, खाली स्लॅक्स. सगळ्याच तशा यायच्या. आमच्या बाई फक्त टोपी आहे का एवढं बघायच्या. पस्तीस वर्षांत माझ्या टी-शर्टचं कापड कोणतं हे एका माणसाने विचारलं नव्हतं.

त्याने कारण सांगितलं, तेही शांतपणे, त्यामुळे आणखी राग आला. सुती कापड पाणी पितं, जड होतं, बुडणाऱ्याला खाली ओढतं. शिवाय त्यातला साबण आणि घाम तलावात उतरतो. मान्य. पण शेजारच्या पट्ट्यात एक आजीबाई कमरेच्या वर काहीही न घालता निवांत पाठीवर तरंगत होत्या. बर्लिनच्या सार्वजनिक तलावांवर २०२३ पासून बायकांनाही पुरुषांसारखं उघड्या अंगाने पोहायची मुभा आहे. म्हणजे कमी घातलं तर चालतं, जास्त घातलं तर शिट्टी! (खरं सांगायचं तर अंगभर पोशाखही चालतो, कापड तेवढं पोहण्याचं हवं. पण ते मला त्या दिवशी ऐकायचंच नव्हतं.)

तीन दिवस मी घरात हा विषय पुरवला. नवरा म्हणाला, "एका टी-शर्टचा प्रश्न आहे गं." लेकीने, जी इथेच जन्मली आणि जिला नियम दुधाबरोबर पाजले गेलेत, मला विचारलं, "आई, तू बोर्ड वाचला नव्हतास का?" शेवटी बडोद्याला फोन लावला. वाटलं, बाबा तरी माझी बाजू घेतील.

"बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले. "आखाड्यात कुणी पायजमा घालून मल्लखांबावर चढला असता तर आमच्या वस्ताद दादांनी काठीने उतरवला असता."

ऑफिसात हीच हकिकत मी जरा तिखटमीठ लावून सांगितली. समोरचे गृहस्थ साठीला टेकलेले, रोज सायकलवरून येणारे. त्यांनी मनापासून, अगदी निरागसपणे विचारलं, "तुमच्याकडे लोक उन्हाळ्यात व्यायाम करतात का?"

झालं. त्यानंतरची वीस मिनिटं त्यांची कॉफी गार होत गेली.

मी त्यांना दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर सांगितलं, ते चालवणारे प्रोफेसर माणिकराव सांगितले. लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी ह्याच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, हे सांगितलं. १९२३ मध्ये हुतूतूचे नियम आमच्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले, हे सांगितलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी आमचे देशी खेळ ह्याच शहरात करून दाखवले, हे तर दोनदा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि नदीत पोहता का?" मी म्हटलं, विश्वामित्रीत मगरी आहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. २०२४ च्या पुरातले, सोसायटीत शिरलेल्या मगरीचे व्हिडिओ दाखवल्यावर त्यांनी विषय बदलला.

पण मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: "आणि तुम्ही स्वतः?"

दहावीनंतर मी एकही खेळ खेळलेले नाही. लेडीज बॅच सुटली ती दहावीच्या क्लासमुळे, खो-खो सुटला तो त्याच्याही आधी, आणि बडोद्याच्या कमाटीबागेत मी शेवटची पळाले ती टॉयट्रेन पकडायला. माणिकरावांचा वारसा सांगणारी मी दोन मजले चढले की कठड्याला धरून उभी राहते. हे अर्थात त्यांना सांगितलं नाही. "वेळ मिळत नाही," एवढंच म्हटलं.

त्यांनी कोटाच्या आतल्या बाजूला लावलेली एक छोटी सोनेरी पिन दाखवली. स्पोर्टआबत्साइशेन. जर्मनीत हा बिल्ला १९१२ पासून आहे, मूळ कल्पना स्वीडनमधून उचललेली; बायकांना तो मिळू लागला १९२१ पासून. दम, ताकद, वेग आणि अंगावरचा ताबा, अशा चार गटांतून एकेक प्रकार निवडायचा आणि वयाप्रमाणे ठरलेलं अंतर किंवा वेळ गाठायची. कांस्य, रौप्य, सुवर्ण. सहाव्या वर्षापासून पुढे कुणालाही ही परीक्षा देता येते, क्लबचं सभासद असावं लागत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी मैदानांवर परीक्षक हातात टेप घेऊन उभे असतात, बरेचसे निवृत्त, बिनपगारी. आणि एक अट सगळ्यांना: पोहता येतं हे सिद्ध करायचं. मोठ्यांनी २०० मीटर, ११ मिनिटांच्या आत.

शिट्टीचा राग होताच. त्या माणसाच्याच तलावात, त्याच्याच नाकावर टिच्चून हे करायचं असं मी ठरवलं. व्यायामाला याहून वाईट कारणंही असतात.

इथल्या उन्हाळ्याबद्दल एक सांगायला हवं. जूनअखेर बर्लिनला सूर्य साडेनऊला मावळतो. ऑफिस सुटलं, भाकरी-भाजी झाली, तरी बाहेर लख्ख. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून तो मोकळं मैदान म्हणून लोकांना दिलाय. धावपट्टीवर सायकली, स्केट्स, ढकलगाडीतली बाळं घेऊन पळणारे बाप. पतंगही उडवतात. काटाकाटी नाही, मांजा नाही, नुसता उडवायचा आणि बघत बसायचं. बडोद्याचं पतंगांचं उत्तरायण पाहिलेल्या माणसाला ते पथ्याचं जेवण वाटतं. मी त्या धावपट्टीवर आधी चालले, मग चालता-पळता, मग ऑगस्टपर्यंत बऱ्यापैकी पळू लागले.

जवळच हाझनहाइडे बाग आहे. तिथे १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या मास्तराने पोरांना उघड्यावर कसरती शिकवायला पहिलं मैदान काढलं. पुढे सरकारला त्यात बंडाचा वास आला आणि १८२० ते १८४२ प्रशियात ह्या मैदानी कसरतींवर बंदीच होती. तालमीत तयार होणाऱ्या पोरांची राज्यकर्त्यांना धास्ती, हे आपल्याला काही नवीन नाही. बागेत यानचा पुतळा आहे. त्याची परक्यांबद्दलची मतं वाचली तर मी त्याच्यासमोर पळते आहे हे त्याला मुळीच आवडलं नसतं. म्हणून मी तिथे मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारायचे.

उभ्याने लांब उडीच्या दिवशी मी छान उडाले, पण उतरताना तोल मागे गेला आणि तळहात वाळूत टेकला. टेपवाले आजोबा वाकले आणि त्यांनी टाचेपासून नाही, तळहातापासून मोजलं. "सगळ्यात मागची खूण," ते म्हणाले. निदान ४० सेंटिमीटर गेले. मी त्यांना टाचांची खूण दाखवली. त्यांनी मला तळहाताची दाखवली. अर्धा मिनिट आम्ही दोघं वाळूकडे बघत उभे होतो. मग त्यांनी फळी घेऊन वाळू सपाट केली आणि म्हणाले, "आणखी दोन उड्या आहेत तुमच्या."

पोहण्याला पहिल्या खेपेस १२ मिनिटं १० सेकंद लागले. लेडीज बॅचमध्ये आम्हाला केस भिजू नयेत म्हणून मान वर काढून बेडूकपोहणं शिकवलं होतं. ते करून माणूस बुडत नाही, पण पुढेही जात नाही. शिट्टीवाल्यानेच सांगितलं: श्वास सोडताना तोंड पाण्यात घाला, नाहीतर कंबर खाली जाते आणि तुम्ही तलाव ओढत नेता. नवा टॉप बघून तो काही बोलला नाही, मान हलवली फक्त. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाणी बोचायला लागलेलं असताना, १० मिनिटं ४० सेकंद. त्याने कागदावर सही केली. कांस्य मिळालं.

हे सगळं आत्ता लिहितेय ती बडोद्याच्या घरी, पंख्याखाली. मे महिना, बाहेर ४२. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून तीन आठवड्यांसाठी एकटीच आलेय. लेकीला आणता आलं नाही, कारण तिकडे शाळा चालू असताना मूल सहलीला नेलं तर दंड होऊ शकतो. आजोबांचा डोळा हे कारण धरत नाहीत. ह्या नियमाबद्दल माझं जे मत आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अंगात कांस्यपदक असल्यामुळे, सकाळी आठला मी कमाटीबागेत पळायला गेले. चौथ्या मिनिटाला डोळ्यांसमोर काजवे. पाळण्यांपाशी बाकावर डोकं गुडघ्यात घालून बसले. मावशीने तिथे मला गाठलं. मावशी एकाहत्तरची, साडीखाली कॅनव्हासचे बूट, पहाटे साडेपाचला फेऱ्या सुरू आणि साताच्या आत घरी. आठला ती फक्त भाजी घ्यायला बाहेर पडली होती. पर्समधून तिने मीठ-साखर-लिंबाची बाटली काढली.

"ऊन चढल्यावर पळतं का गं कुणी? आणि अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. विमानातून उतरून लगेच पळायला तू काय पी. टी. उषा?"

आठ-पंधरा दिवसांचं तिचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांना जे पहाटेचं वेड आहे, त्यामागे हेच शहाणपण आहे. व्यायाम मंदिराच्या मैदानावर सहाला पोरं खो-खोच्या पाटीवर बसलेली असतात, आठला मैदान रिकामं. बर्लिनवाल्यांना उन्हाळा साठवायचा असतो, आपल्याला तो चुकवायचा असतो. आणि ३३ डिग्रीला त्यांची शाळा लवकर सुटते, हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती बाग ऐकेल इतकं हसली. मी पण हसले, पण ३३ ला बिनपंख्याच्या चौथ्या मजल्यावर कसं होतं हे मावशीला कुठे माहीत.

तेव्हापासून पहाटेच उठते. ह्या वर्षी रौप्य काढायचंय, आणि अंगावरच्या ताब्याच्या गटात मी दोरीच्या उड्या निवडल्यात. घराच्या गच्चीवर सव्वापाचला सुरू करते. बाबांना डोळ्यात थेंब घालायला तेव्हाच उठावं लागतं, मग तेही काळा चष्मा लावून खुर्ची टाकून बसतात. दिसत काही नाही, पण दोरीच्या आवाजावर मोजतात, आखाड्यातल्यासारखं, प्रत्येक दहाला जोरात.

काल मी सत्तेचाळीसला होते. दोरी पायाच्या बोटाला जराशी घासली, थांबलेही नाही, तशीच पुढे चालू ठेवली.

"पाय लागला," बाबा म्हणाले.

"नाही हो, नुसता वारा—"

"मला ऐकू आलं. एकपासून."